प्राणवायूचे माप

२०२० साली आपल्या घराघरांत एक चिमटा आला. बोटाला लावावा, क्षणभर थांबावे, आणि आकडा ९७ किंवा ९८ दिसला की घरातल्या सर्वांनी सुटकेचा श्वास टाकावा. त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सरकारी मोहिमेत आशाताई हाच चिमटा आणि तापमापक घेऊन दारोदार फिरल्या. रक्तातल्या प्राणवायूला माप असते, ते घसरले तर धावाधाव करावी लागते, एवढे शहाणपण त्या वर्षाने आपणां सर्वांस पुरते शिकवले. परंतु हा चिमटा ज्यांच्या कामी फार आधीपासून येत आहे, ती माणसे कधी व्याख्यानाला येत नाहीत. अपुऱ्या दिवसांची, किलो-दीड किलो वजनाची, अतिदक्षता कक्षात वायरींच्या जंजाळात निजलेली ती बाळे होत. त्यांच्यावर नजर ठेवण्याची साधने कशी आली, हा आमचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढले शिक्षण नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. या विषयाच्या वाटेला आम्ही गेलो तेही मागण्यांच्या एका यादीमुळे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील परिचारिकांनी नवजात बाळांच्या कक्षात रात्रपाळीला दोन माणसे वाढवून मागितली. चर्चेला बसलेले साहेब म्हणाले, "आता प्रत्येक पाळण्याला नवे यंत्र बसवले आहे. काही बिघडले की ते स्वतःच ओरडते. मग माणसे कशाला?" हे बोलणे आम्हांस ओळखीचे वाटले. आमचे वडील कापडगिरणीत विणकर होते. त्यांच्या पिढीने ते मागाबद्दल ऐकलेले होते. तेव्हा हे यंत्र कोणी काढले, का काढले आणि त्याने प्रत्यक्ष काय साधले, हे आम्ही वाचत गेलो.

अशा बाळांसाठी काही करता येते, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. पॅरिसच्या मॅटर्निटे प्रसूतिगृहातील डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राण्यांच्या बागेत कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेट्या पाहिल्या आणि तशीच पेटी बाळांसाठी करवून घेतली. १८८० च्या सुमारास ती वापरात आली. खाली गरम पाणी, वर बाळ. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांपैकी शेकडा ६६ दगावत असत. ते प्रमाण ३८ वर आले. नुसत्या उबेने एवढे केले! पुढे ही पेटी जत्रेतही गेली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ काचेच्या पेट्यांतली जिवंत बाळे तिकीट लावून दाखवीत. ऐकून मन विटते खरे. परंतु त्या तिकिटांच्या पैशातून परिचारिकांचा पगार निघे आणि आईबापांकडून छदामही घेतला जात नसे. त्या काळी पुष्कळ रुग्णालयांत अशा बाळांची कोणी आशाच धरीत नसे. असो.

उबेनंतर प्राणवायू आला, आणि येथून आमच्या कथेला खरा प्रारंभ होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात, ते निळे पडते. त्याला प्राणवायू दिला की गुलाबी होते. १९४० नंतर अमेरिकेत नव्या, घट्ट बंद होणाऱ्या पेट्या आल्या आणि त्यांत प्राणवायू मुक्तहस्ताने सोडला जाऊ लागला. किती द्यावा? भरपूर. थोडा अधिक गेला तर बिघडते काय, असाच सर्वांचा समज होता. १९४२ साली बॉस्टनचे नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी अशा बाळांत एका नव्या आंधळेपणाची नोंद केली. पुढल्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुले त्याने आंधळी झाली. विलक्षण गोष्ट अशी की हा रोग गरिबांच्या रुग्णालयांत कमी आणि सुसज्ज रुग्णालयांत अधिक होता. मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली तेथील निरनिराळ्या संस्थांतली बाळे ताडून पाहिली आणि बोट ठेवले ते प्राणवायूवर. जेथे तो सढळ दिला जाई तेथे आंधळेपण अधिक, जेथे जपून दिला जाई तेथे कमी.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या गॅलिंजर या नगरपालिकेच्या रुग्णालयात आर्नॉल पॅट्झ नावाचा तरुण डॉक्टर हेच तपासत होता. काही बाळांना सवयीप्रमाणे भरपूर प्राणवायू, काहींना गरजेपुरता, असा त्याचा प्रयोग. तेथल्या अनुभवी परिचारिकांना हे पटेना. बाळाला डोळ्यांदेखत कमी हवा द्यायची हा त्यांना अधर्म वाटे. तेव्हा त्यांतल्या काही जणी रात्री डॉक्टर गेले की कमी प्राणवायूच्या गटातल्या बाळांची तोटी सोडीत. हा किस्सा वैद्यकाच्या इतिहासात बायांच्या अडाणीपणाचा म्हणून सांगतात. आम्हांस तो तसा वाटत नाही. रात्रभर त्या निळ्या पडणाऱ्या बाळाजवळ त्याच बसत होत्या, आणि बाळाच्या रक्तात प्राणवायू किती आहे हे दाखवणारे कोणतेच साधन त्यांच्या हाती दिलेले नव्हते. त्यांच्यापाशी डोळे होते. डोळ्यांनी निळे आणि गुलाबी एवढेच दिसते. गुलाबी आणि गरजेहून अधिक गुलाबी यांतला फरक कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, प्राध्यापकांच्याही नाही.

१९५३-५४ साली अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली आणि प्राणवायूचा दोष सिद्ध झाला. मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. पेटीतल्या हवेत प्राणवायू शेकडा ४० च्या वर जाऊ नये, असा दंडक पडला. आंधळेपण झपाट्याने कमी झाले आणि सर्वांनी समाधान मानले. पण माप घेतले जात होते पेटीतल्या हवेचे. बाळाच्या रक्ताचे नव्हे. ज्याची फुप्फुसे फारच कच्ची, त्याला ४० पुरत नसत. ती बाळे निमूटपणे गेली. आंधळे मूल शाळेत जाते, दिसते, मोजले जाते. जन्मल्या दिवशी गेलेले मूल अपुऱ्या दिवसांचे होते म्हणून गेले, असेच लिहिले जाते. केनेथ क्रॉस या इंग्रज वैद्याने १९७३ साली जुने मृत्यूचे आकडे पुन्हा चाळून अंदाज बांधला, की वाचवलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे १६ बाळे दगावली असावीत. अंदाज थोडा इकडेतिकडे असेल. पण एका मापाच्या अभावी आधी डोळे गेले आणि मग जीव गेले, हे काही खोटे ठरत नाही.

वैभव असले म्हणजे भागते असेही नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे अगोदर. त्याला बॉस्टनला नेले, मोठ्या दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीत ठेवले. ३९ तासांत तो गेला. त्याच देशात चारच वर्षांपूर्वी मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या श्वासरोगाचे कारण शोधून काढले होते. अशा बाळाच्या फुप्फुसांत ती उघडी ठेवणारे एक द्रव्य तयार झालेले नसते. कारण कळले होते. औषध यायला १९८० उजाडले, आणि ते प्रथम परिणामकारक करून दाखवले जपानच्या फुजिवारा यांनी.

रक्तातला प्राणवायू मोजण्याची सोय लेलंड क्लार्क यांच्या विद्युत्-अग्रामुळे १९५० नंतर झाली. पण त्यासाठी रक्त काढावे लागे. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून रक्त असते ८० ते ९० मिलिलिटर, एका लहान कपाएवढे. त्यातून दिवसातून दहा वेळा थेंब काढायचे म्हणजे काय होते ते सांगणे नको. शिवाय हे माप त्या क्षणापुरते. थेंब काढला तेव्हा बरे असलेले बाळ पाच मिनिटांनी निळे पडलेले असे. जर्मनीत मारबुर्ग येथे रेनाटे आणि आल्बर्ट हुख या दांपत्याने ल्युबर्स यांच्यासह १९७० च्या आगेमागे कातडीवर चिकटवायची चकती तयार केली. ती ४३-४४ अंशांपर्यंत तापवावी लागे, म्हणजे खालचे रक्त वर येते. काम चांगले करी. परंतु त्या नाजूक कातडीवर तांबडे गोल डाग उठत आणि दर काही तासांनी ती उचलून दुसरीकडे लावावी लागे. ती उचलणारे हात परिचारिकेचे, हे यंत्राच्या माहितीपत्रकात ठळक छापलेले नसते.

आता ताकुओ आओयागी यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म १९३६ चा, जपानमधील निगाता प्रांतातला. शिकले विजेची एंजिनिअरी, आणि टोकियोच्या निहोन कोहडेन या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत कामाला होते. १९७० नंतरची ही गोष्ट. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते ते मोजण्याच्या खटाटोपात ते होते. रक्तात रंग सोडायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवायचा, आणि रंग कसा येतो व जातो ते टिपायचे. पण टिपलेली रेघ सरळ येईना. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती थरथरे. हा थरथराट त्यांना नको होता. तो घालवण्यासाठी त्यांनी तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश घेतले आणि त्यांच्या प्रमाणाने थरथराट रद्द केला. तो रद्द होई. पण रक्तातला प्राणवायू बदलला की रद्द होण्याचे गणित चुके आणि थरथराट पुन्हा डोके वर काढी. येथे या माणसाने जे केले त्याला आमचा नमस्कार आहे. जे पुसून टाकायचे ठरवले होते त्यातच त्याला मोजमाप दिसले. नाडीबरोबर जे हलते ते फक्त धमनीतले ताजे रक्त. कातडी, हाड, मांस हलत नाही. तेव्हा हलणारे तेवढे मोजले की कातडी न टोचता धमनीतला प्राणवायू कळतो. १९७४ साली कंपनीने जपानात त्याचे पेटंट मागितले. त्यानंतर अवघ्या महिनाभरात मिनोल्टा या कॅमेऱ्याच्या कंपनीनेही तशाच कल्पनेचा अर्ज केला.

आओयागींच्या कंपनीने एक उपकरण काढले आणि मग तो विषय सोडून दिला. जगभर तो नेला अमेरिकेतल्या कंपन्यांनी, विशेषतः विल्यम न्यू या भूल देणाऱ्या डॉक्टराने काढलेल्या नेलकोर कंपनीने, १९८३ नंतर. न्यू यांनी एक बारीकशी गोष्ट केली: यंत्राच्या 'टिक'ला सूर दिला. प्राणवायू घसरला की सूर उतरतो. पाहायची गरज नाही, पाठ फिरवून काम करतानाही कानाला कळते. गिरणीत ज्याने दिवस काढले त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आमचे वडील दोन मागांच्या मध्ये उभे असताना पाठीमागच्या मागाचे बिनसले हे ठोक्याच्या आवाजावरून ओळखीत. १९८० नंतरच्या दशकात हा चिमटा, बाळाच्या तळपायाला गुंडाळायच्या पट्टीच्या रूपात, नवजात कक्षांत पोहोचला. चटका नाही, सुई नाही, आणि माप क्षणोक्षणी. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, म्हणजे सारे जग त्यांच्या चिमट्यासाठी दुकानांपुढे उभे होते त्या दिवसांत. किती जणांनी त्यांचे नाव ऐकले होते?

माप आले, तरी प्रश्न उरलाच: योग्य आकडा कोणता? तो ठरवायला आणखी पंचवीस वर्षे गेली. अमेरिकेत २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या १,३१६ बाळांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१० साली आला. एका गटात आकडा ८५ ते ८९, दुसऱ्यात ९१ ते ९५ ठेवायचे ठरले होते. खालच्या गटात डोळ्यांचा गंभीर विकार शेकडा ८.६, वरच्यात १७.९. पण घरी जाण्यापूर्वी मृत्यू खालच्या गटात १९.९, वरच्यात १६.२. १९५४ चा पेच पुन्हा पुढे उभा. या वेळी निदान दोन्ही बाजू मोजलेल्या होत्या. त्यानंतर जगभर वरचा आकडा धरण्याकडे कल झाला, आणि डोळ्यांसाठी वेळेवर तपासणी व उपचार. आईबापांना या चाचणीतला धोका नीट सांगितला होता का, यावर तेथे २०१३ साली मोठा वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी ध्यानात ठेवावी. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांच्या नोंदी तपासून दाखवले, की हे यंत्र काळ्या कातडीखाली प्राणवायू आहे त्याहून अधिक दाखवते. यंत्र बरे आहे म्हणते तेव्हा प्रत्यक्षात प्राणवायू कमी असणे, हा प्रकार गोऱ्यांत शेकडा ३.६ आणि काळ्यांत ११.७ वेळा आढळला.

आता साहेबांच्या वाक्याकडे वळतो. यंत्र ओरडते हे खरे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो सार्वत्रिक संप झाला, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते: विणकराकडे दोनांऐवजी तीन माग, कातणाऱ्याकडे एका बाजूऐवजी दोन्ही बाजू. पुढे स्वयंचलित माग आले. त्यात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की ती पडते आणि माग आपोआप थांबतो. युक्ती उत्तम आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण पट्टी धागा जोडीत नाही. तो विणकरानेच जोडायचा. आणि तो येईपर्यंत थांबलेला माग वाट पाहत उभा राहू शकतो. बाळाला तशी सवड नसते. अपुऱ्या दिवसांचे बाळ झोपेत श्वास घ्यायचेच विसरते. तळपायाला हलकी टिचकी मारली, पाठीवरून बोट फिरवले, की पुष्कळदा श्वास पुन्हा सुरू होतो. एवढ्या अवजड यंत्रसामग्रीच्या शेवटी औषध काय, तर एक बोट. ते बोट खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बाळाच्या नळीत गुंतलेले असेल तर घंटा वाजत राहते. शिवाय बाळाने पाय झाडला तरी वाजते, पट्टी सैल झाली तरी वाजते. दिवसभर खोटी वाजणारी घंटा कानाला हळूहळू ऐकूच येईनाशी होते. हा दोष परिचारिकेचा मानणाऱ्याने एक रात्रपाळी करून पाहावी.

हे आमचे भाषण झाले, पण मापेही आहेत. २००६ साली १४ केंद्रांतल्या एका पाहणीत दिसले, की ठरवून दिलेल्या आकड्यांच्या मर्यादेत बाळे मधल्या हिशेबाने निम्म्याहून कमी, शेकडा ४८ एवढाच वेळ होती. कोठे १६, कोठे ६४. यंत्रे सर्वत्र होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात हेच दुसऱ्या अंगाने पाहिले: एका परिचारिकेकडे बाळे जितकी कमी, तितका प्राणवायू वाजवीपेक्षा वर जाण्याचा काळ कमी. त्याआधी २००२ साली ब्रिटनमधील ५४ कक्षांच्या मोठ्या पाहणीतून निघाले होते, की पूर्ण भरलेल्या कक्षात दाखल झालेल्या बाळाला मृत्यूचा धोका अर्ध्या भरलेल्या कक्षातल्यापेक्षा सुमारे दीडपट असतो. त्या देशात अतिदक्षतेतल्या एका बाळामागे एक परिचारिका हे प्रमाण व्यावसायिक संघाने घालून दिलेले आहे. आम्ही आपल्याकडे एकेका वॉर्मरवर दोन-दोन बाळे निजवलेली पाहिली आहेत.

भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय विसरू म्हणता विसरता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तेथील नवजात कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. पाळण्यापाळण्यावर बाळाची नाडी आणि श्वास पाहण्याची यंत्रे बसवता येतात. त्या खोलीच्या भिंतीतली वायर कोण पाहत होते? पुढल्या महिन्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर.

नवी साधने येतच आहेत आणि ती यावीत. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी बाळाच्या ठोक्यांतली सूक्ष्म अनियमितता मोजून रक्तदोषाचा धोका आगाऊ आकड्यात दाखवणारे यंत्र केले. ३,००३ बाळांवरील चाचणीत, २०११ साली, मृत्यू शेकडा १०.२ वरून ८.१ वर आले. त्या यंत्राने औषध दिले नाही. आकडा वाढलेला पाहून कोणीतरी पाळण्याशी गेले, पाहिले, डॉक्टरला उठवले. २०१९ साली शिकागोच्या जॉन रॉजर्स यांनी वायरीवाचून चालणाऱ्या, कातडीसारख्या मऊ पट्ट्या प्रसिद्ध केल्या; एक छातीवर, एक पायाला. चिकटपट्टी काढताना बाळाची कातडी सोलवटते, ते त्याने टळते, आणि वायरी नसल्या की आईला मूल उराशी घेता येते. आमच्या मते या शोधाची खरी किंमत त्या शेवटच्या वाक्यात आहे.

कारण उराशी घेणे हाही उपचार आहे. पेट्या पुरेनात म्हणून कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टर एडगर रे यांनी १९७८ साली बाळे आयांच्या छातीशी बांधून ठेवायला प्रारंभ केला. आपल्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९५ नंतर ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी निगा राखण्याचे शिक्षण दिले. तीन वर्षांत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने घटले, आणि तो अहवाल १९९९ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यांनी पूर्वी सुइणींसाठी श्वास मोजायचे साधन केले होते, त्यात होती वाळूची घडी आणि मणी.

शेवटचा दाखला दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचा. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने ३,२११ बाळांवर चाचणी केली. एका गटातली बाळे जन्मताच आईच्या किंवा दुसऱ्या नातलग बाईच्या उघड्या छातीशी. दुसऱ्या गटातली आधी यंत्रांजवळ, आणि स्थिर झाल्यावर आईजवळ. पहिल्या गटासाठी अतिदक्षता कक्षातच आयांच्या खाटा मांडल्या. श्वासाची नळी, प्राणवायूचा मापक सारे चालू ठेवून. २८ दिवसांत मृत्यू पहिल्या गटात शेकडा १२.०, दुसऱ्यात १५.७. निकाल २०२१ साली छापून आला. फरक एवढा स्पष्ट होता, की देखरेख करणाऱ्या समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला सांगितली. तिकडून परतलेल्या कोणाला भेटण्याचा योग आम्हांस आलेला नाही. पण त्या खोलीत पाळण्याशेजारी आईची खाट मांडण्यासाठी जागा कोणी मोजली, आणि तिच्या चहापाण्याची, लघवीला जाण्याची, तेवढ्या वेळात बाळ धरण्याची सोय कोणाच्या पाळीत बसवली, हे विचारायचे आहे.